ब्रेकचं पेडल खाली जातंय? आधी ते कसं जातंय ते बघा

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "ब्रेक खाली जातोय" म्हटलं की समोरचा काय बदलून देईल त्याचा नेम नाही. मला पहिल्यांदा पॅड बदलून दिले, मग पंधरा दिवसांनी "मास्टर गेलाय साहेब" म्हणून मास्टर सिलिंडर बदलला, एअर (ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा) दोनदा काढली, आणि एवढं करून पेडल होतं तिथेच, पाय अर्ध्याच्या पुढे गेल्याशिवाय गाडी धरतच नव्हती. गाडी बारा वर्षांची हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना असतं तसंच. शेवटी बिघाड निघाला मागच्या ड्रममध्ये आणि तो शोधायला फक्त हँडब्रेक आणि दोन मिनिटं लागली. ते पुढे सांगतोच, पण त्या भानगडीत मला एक कळलं की पेडल किती खाली जातं यापेक्षा कसं खाली जातं ते बघायचं असतं, आणि ते मेकॅनिकच्या आधी रोज गाडी चालवणाऱ्याच्या पायाला समजतं.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. पेडल दाबलं की पायाचा जोर पेडलच्या तरफेमुळे चारपाच पट होतो, त्यात बूस्टर भर घालतो (बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला जो मोठा काळा गोल डबा दिसतो तो), आणि हा सगळा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर जातो. मास्टर ब्रेक ऑईल ढकलतो, ते बारीक नळ्यांतून चारी चाकांना पोचतं, पुढे कॅलिपरचा (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा) पिस्टन पॅड डिस्कवर दाबतो आणि मागे व्हील सिलिंडरचे दोन छोटे पिस्टन लायनरला (पॅडसारखंच घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) ड्रमच्या आतल्या बाजूला टेकवतात. सलाईनच्या नळीने दोन सिरिंज जोडून पाणी भरलं आणि एकीचा दांडा दाबला की दुसरीचा बाहेर येतो, शाळेत केलं असेल कधीतरी, बस तेवढंच आहे. आता त्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर काय होतं आठवा, तुम्ही दाबता आणि दुसरीकडे काही हलत नाही, कारण पाणी दाबून लहान होत नाही पण हवा होते.

आणि यात ऑईल किती कमी हलतं ते ऐकून मला तरी आश्चर्य वाटलं होतं. कच्चा हिशोब करू. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, २० मिमी धरला तर पिस्टन १ सेंमी पुढे गेल्यावर जेमतेम ३ सीसी ऑईल पुढे जातं, आणि तरफ ४ पट धरली तर तेवढ्यासाठी पाय ४ सेंमी खाली जातो. म्हणजे पेडलच्या अख्ख्या प्रवासात मिळून आठनऊ सीसी, चहाचे दोन चमचेही नाही. आता मागच्या लायनर आणि ड्रममधला गॅप समजा १ मिमीने वाढला. व्हील सिलिंडर १७ मिमीचा, दोन चाकांचे मिळून चार पिस्टन, म्हणजे तो गॅप भरायलाच ०.९ सीसी जास्त ऑईल लागतं, आणि पेडल एक सेंमीहून जास्त खाली जातं. एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर! पुढे डिस्कचा पिस्टन तर खूप मोठा असतो, ५ सेंमी व्यासाचा धरा, तो कुठल्या कारणाने नुसता अर्धा मिमी जास्त मागे सरकला तरी एका चाकाला जवळपास १ सीसी. म्हणून हे दुखणं बहुतेक वेळा मिलिमीटरचंच असतं आणि आपण मोठमोठे पार्ट बदलत बसतो.

बरं, आता पाय काय सांगतो ते बघू.

पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खोल जातं, पण सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि तिथे दगडासारखं कडक लागतं. हे गॅप वाढल्याचं लक्षण. पहिल्या दाबात ऑईल गॅप भरण्यात खर्ची पडतं, लायनर पूर्ण मागे यायच्या आत दुसरा दाब बसतो म्हणून पेडल वरच धरतं. मागचे लायनर ढिले असणं हे सगळ्यात कॉमन कारण, पण चाकाचं बेअरिंग ढिलं झालं किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तरी ती पॅडला धक्के मारून पिस्टन मागे ढकलते आणि पुढच्या ब्रेकला पाय खोल जातो. खड्ड्याच्या रस्त्यावरून आल्यावर पहिलाच ब्रेक खाली जात असेल तर आधी बेअरिंगकडे बघा.

दुसरं, पेडल स्पंजसारखं लागतं, दाबत जाल तसं जात राहतं, कडक असं कुठे लागतच नाही. पंप केल्यावर थोडं वर येतं पण मऊच. ही एअर. नाहीतर चाकाजवळचा रबरी होज आतून कुजून फुग्यासारखा फुगत असतो, जुन्या गाडीत हेही होतं आणि सहसा कोणी बघत नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. सिग्नलला उभे आहात, पाय ब्रेकवर हलकाच ठेवलाय, आणि पेडल हळूहळू पायाखालून खाली जातंय, लिफ्ट उतरल्यासारखं. याचा अर्थ ऑईल कुठूनतरी निसटतंय. बाहेर गळत असेल तर ते डब्यातली पातळी बघून कळतं, पण पातळी बरोब्बर आहे आणि तरी पेडल बसतंय म्हणजे मास्टरचा वायसर (पिस्टनवरचं रबरी सील) झिजलाय, ऑईल पिस्टनच्या बाजूने सटकून परत मागे जातं. गॅरेजच्या भाषेत मास्टर बायपास मारतोय.

आणि एक गोष्ट जी बिघाड नाहीये पण लोक घाबरतात, पेडलवर पाय ठेवून गाडी स्टार्ट केली की पेडल थोडं खाली जातं. ते जायलाच पाहिजे. बूस्टरला व्हॅक्यूम मिळाला म्हणून जातं. उलट नाही गेलं आणि पेडल लाकडासारखं राहिलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम पाईप बघायची. बूस्टर गेला की पेडल कडक होतं, खोल जात नाही, त्यामुळे "पेडल खाली जातंय, बूस्टर बदला" असं कोणी म्हटलं तर त्याला विचारा कसं काय.

घरी तपासायचं तर गाडी सपाट जागेवर, चाकाखाली दगड. सकाळच्या उजेडात आधी ऑईलचा डबा बघा, मिन-मॅक्सच्या मध्ये पातळी आहे का. पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते नॉर्मल, पण महिन्यात बोटभर उतरली तर गळतंय. चारी टायरची आतली बाजू बघा, मागच्या चाकाच्या आत ओलं चिकट दिसलं तर व्हील सिलिंडर गेला, आणि त्याचं ऑईल लायनरवर उतरलं असेल तर ते लायनरही टाकून द्या, पेट्रोलने पुसून परत लावायचे नाहीत. एक चोरटी गळती मास्टरच्या मागच्या टोकाला असते, ते ऑईल सरळ बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंब नाही, टायर कोरडे, आणि डबा मात्र रिकामा होत जातो. मास्टरचे दोन नट सैल करून तो जरा पुढे ओढला की मागे ओलं दिसतं.

मग इंजिन बंद ठेवून पाचसहा वेळा पंप करा, पेडल कडक होईल, बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपला. आता सिग्नलला ठेवतो तेवढ्याच हलक्या जोराने पाय ठेवून अर्धा-एक मिनिट थांबा. हलकाच ठेवायचा हं, कारण वायसर थोडासाच झिजलेला असला की जोरात दाबल्यावर तो फुलून सिलिंडरला चिकटतो आणि मास्टर तपासणीत पास होतो, हळू दाबल्यावर मात्र उघडा पडतो. मेकॅनिक नेमकं धाडकन दाबून "बरोबर आहे की" म्हणतो. पाय टिकला तर मास्टर ठीक आहे असं समजायला हरकत नाही, आणि तसाच पाय ठेवून स्टार्ट केलं आणि पेडल जरा खाली जाऊन थांबलं तर बूस्टरही ठीक.

आता ती हँडब्रेकची युक्ती, जी मला एका वयस्कर गॅरेजवाल्या काकांनी दाखवली. आधी हँडब्रेक पूर्ण खाली ठेवून पेडल दाबून ते कुठे धरतं ते बघायचं. मग हँडब्रेक चारपाच टिकटिक वर ओढायचा आणि परत दाबायचं. हँडब्रेक मागचे लायनर केबलने ओढून ड्रमजवळ नेतो, म्हणजे तो गॅप तुम्ही ऑईल न वापरता भरला. जर पेडल आता एकदम वर आलं तर बिघाड मागच्या ॲडजस्टमेंटमध्ये. काही फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधा. माझं पेडल जवळपास दोन बोटं वर आलं आणि काका नुसते हसले, म्हणाले, "मास्टर कशाला बदलला रे बाळा?"

मागचा ड्रम काढला तर आत पावसाळ्याच्या चिखलाची आणि लायनरच्या भुशाची पेस्ट, आणि ॲडजस्टर गंजून जाम. हा ॲडजस्टर म्हणजे दोन लायनरच्या मधली दाते असलेली पट्टी किंवा स्क्रू, लायनर झिजत गेले की तो आपोआप लांब होतो आणि गॅप सांभाळतो. डिस्कला असलं काही लागत नाही कारण कॅलिपरचं चौकोनी रबरी सीलच पिस्टनला केसभर मागे ओढतं आणि पॅड झिजला की पिस्टन आपोआप पुढे राहतो, म्हणूनच नुसते पॅड संपल्याने पेडल फारसं खाली जात नाही (माझे पहिले पैसे तिथेच गेले). मागे मात्र ॲडजस्टर अडकला की गॅप वाढतच जातो. आणि यात एक गंमत अशी की हँडब्रेकही ढिला लागायला लागतो, मग गॅरेजवाला गिअरजवळचा नट फिरवून केबल ताणून देतो, हँडब्रेक मस्त लागतो, सगळे खूश. पण केबल ताणलेली राहिल्याने लायनरचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि बऱ्याच डिझाईनमध्ये ॲडजस्टर तेव्हाच पुढे सरकतो जेव्हा तो लिव्हर मागे येतो. म्हणजे ज्या इलाजाने हँडब्रेक सुधारला त्यानेच फूटब्रेकचा ॲडजस्टर कायमचा बंद पडला. तुमच्या गाडीची केबल मागे कधी टाईट केलीये का ते आठवून बघा.

दुरुस्तीचा क्रम म्हणून उलटा. आधी केबल सैल सोडायची, ड्रम काढायचा (नाही निघत असेल तर बऱ्याच ड्रमला दोन आटे असलेली भोकं असतात, त्यात बोल्ट पिळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो, हातोडा मारत बसू नका), भुसा फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा कारण तो फुप्फुसात जायला चांगला नाही. ॲडजस्टर साफ करून त्याच्या आट्यांना ब्रेकचं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं, मग लायनर इतके बाहेर आणायचे की ड्रम घालताना हलकं घासल्याचा आवाज येईल पण चाक हाताने फिरेल. दोन्ही बाजू झाल्यावर पेडल पाचदहा वेळा दाबायचं, लायनर मध्यावर बसतात, आणि शेवटी हँडब्रेकची केबल. माझं एवढ्यातच झालं.

एअर असेल तर ब्लीडिंग, म्हणजे ती काढणं. माणसं दोन लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी, आणि पेडलवाल्याने चाकवाल्याचं ऐकायचं, घरात हे कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा. निप्पलवर (चाकाशी हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत ऑईलमध्ये बुडालेलं. "दाब", तो दाबून धरतो, निप्पल उघडायचा, बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, निप्पल बंद, आणि मगच "सोड". बंद करायच्या आधी सोडलं की बाहेरची हवा परत आत. साधारण मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, पण काही गाड्यांत ऑईलच्या लाइन तिरप्या जोडलेल्या असतात, एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरपं मागचं, तिथे मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असू शकतो, तो पाळा. दर पाचसहा दाबांनी डब्यात ऑईल भरत राहा, डबा रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून.

यात पेडल अगदी फ्लोअरपर्यंत दाबायला लावू नका, हे फार थोडे लोक पाळतात. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो तेवढाच भाग गुळगुळीत राहिलेला असतो, त्याच्या पुढे गंजाचे कण बसलेले असतात, पेडल पूर्ण खाली गेलं की वायसर त्या खरखरीत भागावर घासून फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. "एअर काढायला दिली आणि मास्टरच गेला" असं ऐकू येतं ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं.

आणि एअर काढूनकाढून दमलात तरी पेडल मऊच, आणि नुकतेच कॅलिपर काढून बसवलेले, तर निप्पल कुठे आहे बघा. तो कॅलिपरच्या सगळ्यात वर पाहिजे. डावा उजवीकडे बसवला गेला तर निप्पल खाली येतो आणि हवा वर अडकून बसते, लिटरभर ऑईल ओतलं तरी निघणार नाही. २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आलंय, त्याच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात, ते घरचं काम नाही. मास्टर बदलायचाच झाला तर गाडीवर चढवायच्या आधी टेबलावर त्यात ऑईल भरून हवा काढून घ्यायला सांगा, नाहीतर नवीन मास्टरनेही पेडल मऊ लागेल आणि तुम्ही परत त्याच दुकानात.

ऑईलबद्दल बोललंच पाहिजे. आपण सगळे ब्रेक ऑईल म्हणतो, मीही म्हणतोय, पण ते ऑईल नाहीये, ग्लायकॉल जातीचं रसायन आहे, आणि या नावामुळेच कोणीतरी त्यात इंजिन ऑईल टॉपअप करतं. मग सगळे रबर फुगतात आणि मास्टरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागतं. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला, आणि डॉट ५ म्हणजे वरचढ असं समजून ते ओतू नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी टाका, पेंट उचलतं.

हे रसायन हवेतलं पाणी शोषून घेतं, कोकणात तर विचारू नका. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आता महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताय, बाराशे मीटरहून जास्त उतार, गाडी भरलेली, आणि ड्रायव्हर चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरच ठेवून चाललाय. पॅड तापतात, उष्णता पिस्टनमधून ऑईलमध्ये जाते, पाणी मुरलेलं ऑईल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे, आणि पेडल थेट फ्लोअरला. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं होतं, नशीब वळण नव्हतं, हँडब्रेक आणि गिअरवर गाडी थांबली. पाऊण तास थांबल्यावर पेडल आपोआप परत आलं, एकदम ठणठणीत, आणि हीच गडबड आहे, कारण वाफेचं परत पाणी झालं की तपासताना काहीच सापडत नाही आणि माणूस तसाच पुढे निघतो. जुनं ऑईल काढून टाकल्याशिवाय पुढचा घाट नको. घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचा, हे जुने एसटी ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, गॅप असो किंवा थोडी एअर, काहीतरी दाब बनतो. गिअर एकेक खाली, आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा म्हणजे चाक एकदम लॉक होणार नाही. इंजिन बंद करू नका. आजकालच्या गाड्यांत मास्टरमध्ये दोन पिस्टन आणि दोन वेगळ्या लाइन असतात, एक फुटली तरी दुसरी दोन चाकांना धरते, फक्त पेडल खूप खाली जाऊन धरतं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. "धरतंय ना, चालतंय" म्हणून जे लोक आठवडाभर पंप करत गाडी चालवतात ते बहुतेक याच उरलेल्या अर्ध्यावर चालवत असतात. असं असेल तर गाडी टो करूनच न्या.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल कडक होईपर्यंत दाबा. नवीन पॅड घातल्यावर तर हमखास, कारण पॅड बसवताना पिस्टन पूर्ण मागे ढकललेला असतो आणि पहिले दोनतीन दाब हवेत जातात, गॅरेजच्या दारातच समोरच्या भिंतीला ठोकलेल्या गाड्या मी बघितल्यात. मग मोकळ्या जागेत दहावीसच्या स्पीडने चारपाच वेळा थांबवून बघा, दुसऱ्या दिवशी ऑईलची पातळी आणि उघडलेले सगळे निप्पल परत एकदा बघून घ्या. आणि त्यांच्या रबरी टोप्या बसवायला विसरू नका, टोपी नसली की पावसाळ्यात निप्पल गंजून बसतो आणि पुढच्या वेळी पान्यात अर्धा तुटून येतो.